झाड साखर देते, बुरशी नत्र देते : जंगलातील एका व्यवहाराचा अभ्यास



गेल्या दोन-तीन हंगामांत गट कार्यालयात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. बाजारात 'मायकोरायझा' नावाची पुडी मिळते. विकणारा सांगतो, "ही लागणीत टाका आणि युरिया निम्म्यावर आणा. अहो, जंगलातल्या झाडांना कोण युरिया घालतं? तिथं ही बुरशीच नत्र पुरवते!" ऐकणाऱ्याला ते पटते, कारण खत न घालता हिरवे राहिलेले जंगल सर्वांनीच पाहिलेले असते. मग सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, हे खरं का?"

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. जंगलात बुरशी झाडाला नत्र देते, हे खरे आहे. पण ती ते फुकट देत नाही. शिवाय ज्या जंगलांत हा प्रकार पाहिला गेला तेथील बुरशी आणि आपल्या उसाच्या मुळातील बुरशी या एका जातीच्या नव्हेत. म्हणून आधी जंगलातला व्यवहार नीट समजून घेऊ आणि मग त्यातले आपल्या रानाला काय लागू पडते ते पाहू. थोडा धीर धरून वाचावे. व्यवहार साखरेचाच असल्याने आपल्याला तो परका वाटणार नाही.

ठेव आहे, पण मोडता येत नाही

या विषयावरचे पुष्कळ बारकाईचे काम उत्तर स्वीडनमध्ये झालेले आहे. तिकडे हिवाळा लांब, उन्हाळा थोडका, जमीन थंड आणि आंबट. पाइनच्या जंगलात जमिनीवर अर्धवट कुजलेल्या सुया, शेवाळ आणि मेलेली मुळे यांचा थर साचलेला असतो. या थरात नत्र कमी असते असे समजू नका. नत्र भरपूर असते, पण ते सगळे प्रथिनांत, किड्यांच्या कवचांत आणि ह्युमसमध्ये अडकलेले असते. आपल्याकडे उबदार, ओल असलेल्या रानात शेणखत पडले की जिवाणू कामाला लागतात आणि त्यातले नत्र हळूहळू पिकाला मिळू लागते. तिकडे हेच काम थंडीने रखडते. म्हणजे खात्यावर ठेव मोठी, पण मुदत काही संपत नाही, अशी झाडाची अवस्था. ठेव मोडण्याचे साधन झाडाच्या मुळाकडे नाही. ते बुरशीकडे आहे.

मूळ आणि बुरशी यांची ही जोडी प्रथम नीट ओळखली ती आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. ट्रफल नावाची एक महागडी बुरशी झाडांच्या मुळांपाशी जमिनीखाली वाढते. तिची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या सरकारने त्याच्याकडे दिले होते. ट्रफलची लागवड काही साधली नाही. पण मुळे तपासताना त्याला दिसले की, बारीक मुळांची टोके बुरशीने पूर्ण मढवलेली आहेत आणि तरीही झाडे ठणठणीत आहेत. १८८५ साली त्याने या जोडीला 'मायकोरायझा', म्हणजे 'बुरशी-मूळ', असे नाव दिले आणि ही बुरशी झाडाला पोसण्याच्या कामात मदत करते असे मत मांडले. त्या काळी बुरशी म्हणजे रोग, एवढेच लोकांना ठाऊक होते. (काणी, तांबेरा आणि लाल कूज यांचा प्रसाद खाल्लेल्या आपल्या मंडळींचे मतही फारसे वेगळे नसावे.) त्यामुळे फ्रांकचे म्हणणे बरीच वर्षे वादात राहिले.

पुढे ठिकठिकाणच्या अनुभवाने त्याला दुजोरा मिळत गेला. कॅरिबियन समुद्रातील प्यूर्तो रिको बेटावर १९३० नंतरच्या काळात पाइन लावण्याचे प्रयत्न झाले. रोपे उगवत, पिवळी पडत आणि खुंटून जात. १९५५ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनातून पाइनखालची माती आणून काही रोपांना दिली, तेव्हा ती रोपे चालू लागली. मातीतून आली होती ती बुरशी. त्या बेटावर पाइनची बुरशीच नव्हती.

मुळापाशी होणारे इन्व्हर्जन

या बुरशीचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. मुळाच्या टोकावर ती मोज्यासारखी चढते, हा पहिला भाग. मोज्यातून आत शिरून ती मुळाच्या बाहेरच्या पेशींच्या फटीफटीतून जाळे पसरते. पेशीच्या आत मात्र शिरत नाही, फक्त दोन पेशींच्या मधून जाते. हा दुसरा भाग, आणि खरी देवघेव येथे होते. तिसरा भाग म्हणजे मोज्यापासून बाहेर मातीत गेलेले धागे. हे धागे मुळापेक्षा कित्येक पट बारीक असतात. जेथे मूळ शिरूच शकत नाही अशा फटींतून ते जातात आणि माल गोळा करून आणतात.

आता किंमत काय मोजावी लागते ते पाहू. झाड पानात साखर तयार करते. ती सुक्रोजच, जी आपण गाळपाला घालतो. पानांतून ती सालीच्या आतल्या थरातून खाली मुळापर्यंत उतरते. पण गंमत अशी की, बुरशीला सुक्रोज खाता येत नाही.

तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडून राहिला की उतारा घसरतो, हे आपण जाणतो. उसातील इन्व्हर्टेज नावाचे विकर सुक्रोज फोडते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. कारखान्यात याला इन्व्हर्जन म्हणतात आणि आमचे केमिस्ट लोक त्याच्या नावाने खडे फोडतात. जंगलात मात्र सगळ्या व्यवहाराचा आरंभ या इन्व्हर्जननेच होतो. झाड मुळाच्या पेशीबाहेर सुक्रोज सोडते, झाडाचेच इन्व्हर्टेज ती फोडते आणि मग बुरशी त्यातले मुख्यतः ग्लुकोज उचलते. २००८ साली 'लॅकेरिया बायकलर' या अशा बुरशीची सर्व जनुके वाचून झाली, तेव्हा तिच्यात इन्व्हर्टेजचे जनुकच नाही असे आढळले. म्हणजे कोठाराची किल्ली झाडाने आपल्या कमरेला ठेवलेली आहे.

बुरशीही कच्ची नाही. हाती आलेले ग्लुकोज ती लगेच ट्रेहॅलोज आणि मॅनिटॉल अशा स्वतःच्या रूपांत बदलून टाकते. त्यामुळे तिच्या बाजूला ग्लुकोज साचत नाही आणि ओघ तिच्याकडे चालू राहतो. खालचा पाट मोकळा असला की वरचे पाणी वाहतच राहते, त्यातला प्रकार.

आता ही साखर जाते तरी किती? याचा सर्वांत डोळ्यांत भरणारा पुरावा स्वीडनच्या पाइन जंगलातच मिळाला. आपल्याकडे द्राक्षबागायतदार गर्डलिंग करतात, म्हणजे खोडाची साल गोलाकार काढतात. पानांतली साखर खाली मुळांकडे न उतरता घडात राहावी आणि मणी फुगावा, हा त्यामागचा हेतू. पीटर हॉगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम जंगलाच्या अख्ख्या तुकड्यांवर केले. पाइनच्या खोडांची साल गोल काढली. पाणी आतल्या लाकडातून वर जात राहिले, सुया हिरव्या राहिल्या, खोडे उभी राहिली. बंद झाली ती फक्त खाली उतरणारी साखर. मग त्यांनी जमिनीतून किती कर्बवायू बाहेर पडतो ते मोजले. मुळे आणि जमिनीतील जीव श्वास सोडतात तो हा वायू. पाच दिवसांच्या आत तो काही ठिकाणी ३७ टक्क्यांपर्यंत घटला आणि एक-दोन महिन्यांत सुमारे ५४ टक्क्यांनी घटला. २००१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ नीट पाहावा. आपण समजतो की जमिनीतले जीव कुजलेल्या पालापाचोळ्यावर जगतात. तेथे निम्म्याहून अधिक श्वास चालत होता तो पानात नुकत्याच तयार झालेल्या साखरेवर. मुळे आणि त्यांच्या बुरशा या रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या. मजुरी थांबली की आठवड्याच्या आत चूल विझते. निरनिराळ्या जंगलांचा हिशेब पाहता, झाड आपल्या कमाईतला साधारण ५ ते २० टक्के कर्ब या बुरशांना देते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

नत्र आधी कोणाचे?

एवढी साखर घेऊन बुरशी काय करते? तिचे धागे मातीत प्रथिने फोडणारी विकरे सोडतात आणि सुटलेली अमायनो आम्ले शोषून घेतात. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात डेव्हिड रीड यांच्या गटाने १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, प्रथिनाशिवाय दुसरे नत्र नसलेल्या मातीत एकटे रोप उपाशी राहते, पण योग्य बुरशी सोबत असेल तर त्या प्रथिनातले नत्र रोपापर्यंत पोचते.

काही बुरशा तर शिकार करतात. कॅनडात क्लिरोनोमोस आणि हार्ट यांनी लॅकेरिया बुरशीबरोबर मातीतले उड्या मारणारे बारीक किडे ठेवले. हे किडे बुरशी खातात असा समज होता. झाले उलटेच, किडेच मोठ्या संख्येने मेले. मग किड्यांच्या अंगातल्या नत्राला ओळखखूण करून माग काढला, तेव्हा व्हाइट पाइनच्या रोपातील नत्रापैकी २५ टक्क्यांपर्यंत नत्र त्या किड्यांतून आलेले निघाले. हे २००१ सालचे काम. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, शेवटी हुमणीच्या वेळी ती उपयोगी पडेल.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग. बुरशीने आणलेले नत्र झाडालाच मिळते काय? बुरशीलाही अंग वाढवायला नत्र लागतेच. २०१३ साली स्वीडनमधील टोरगनी नासहोल्म आणि सहकाऱ्यांनी खूण केलेले नत्र जमिनीत देऊन त्याचा माग काढला. नत्राने गरीब असलेल्या जंगलात त्यातले बरेचसे नत्र बुरशीच्याच अंगात अडकून राहिले, झाडाच्या पानांपर्यंत थोडेच पोचले. बुरशी आधी आपले पोट भरते आणि उरले तर झाडाला देते. म्हणजे अशा जंगलात ती झाडाची उपासमार कमी करते की वाढवते, असाच प्रश्न त्या शास्त्रज्ञांनी विचारला. मग झाड तिला साखर देणे बंद का करीत नाही? कारण एकट्याने बंद केले तर असलेले थोडके नत्र साखर देणाऱ्या शेजारच्या झाडाकडे जाते.

आपल्याला हा प्रकार अगदी नवा नाही. खोडव्यात पाचट ठेवले, पण त्यावर युरिया टाकला नाही, तर काही दिवस फुटवा पिवळसर दिसतो. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावापुरते. ते कुजवणारे जीव लागणारे नत्र मातीतून ओढून घेतात आणि पीक मागे राहते. म्हणूनच दर टन पाचटाला ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट टाकण्याची शिफारस आहे. ते खत उसाला नसून कुजवणाऱ्या जीवांच्या पोटाला आहे. पुढे ते जीव मेले की तेच नत्र उसाला मिळते. युरिया वाचवण्यासाठी हा हप्ता गाळणारे सभासद नंतर "पाचटानं ऊस पिवळा पडला" अशी तक्रार घेऊन येतात आणि पुढच्या वर्षी काडी लावतात. यात दोष पाचटाचा नाही.

जंगलात नत्राचे खत बाहेरून घातले तर काय होते, हेही पाहिले गेले आहे. हॉगबर्ग यांच्याच गटाने पाइनच्या जंगलातील झाडांवर तंबू घालून त्यांना खूण केलेला कर्बवायू दिला आणि ती साखर कोठवर जाते ते तपासले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ज्या तुकड्याला नत्राचे खत दिले होते तेथे जमिनीतल्या जीवांकडे जाणारा कर्ब निम्म्याहूनही कमी झाला. झाडाचा हिशेब साधा आहे. नत्र फुकट मिळू लागले, मग साखर कशाला द्या? बुरशी मग उपाशी पडते.

जंगलातल्या 'तारायंत्रा'विषयी

येथे एक आडवळण घ्यावे लागते, कारण हल्ली पुस्तकांतून आणि चित्रफितींतून असे सांगितले जाते की, जंगलातली झाडे बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना जोडलेली असतात आणि 'आई झाड' आपल्या पिलांना साखर पाठवते. पुडी विकणाऱ्याच्या तोंडीही ही कथा असते.

यामागचे मूळ काम असे. एका झाडातली साखर बुरशीमार्फत दुसऱ्या वनस्पतीत जाऊ शकते, हे १९६० सालीच स्वीडनच्या एरिक ब्यॉर्कमन यांनी दाखवले होते. मोनोट्रोपा नावाची एक फिकट वनस्पती आहे. तिला हरितद्रव्य नाही, म्हणजे स्वतःची कमाई शून्य. ब्यॉर्कमन यांनी शेजारच्या झाडाच्या सालीत किरणोत्सारी कर्बाची साखर टोचली आणि ती साखर मोनोट्रोपात सापडली. बुरशीच्या मार्गाने झालेली ही सरळ सरळ चोरी. पुढे १९९७ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुझॅन सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी भूर्ज आणि डग्लस फर यांच्या रोपांवर पिशव्या चढवून दोघांना दोन वेगळ्या खुणांचा कर्बवायू दिला. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली, पण वजाबाकी करता फरच्या पदरात सरासरी ६ टक्के जास्त पडले, आणि फरवर सावली असताना हा लाभ वाढला. प्रयोग मोलाचा होता, यात शंका नाही.

पण त्यावरून पुढे ज्या गोष्टी रचल्या गेल्या त्यांना तेवढा आधार नाही. २०२३ साली जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होएक्सेमा यांनी तोवरचे सर्व पुरावे तपासून लिहिले की, झाडाझाडांतून अशी जाळी जंगलात सर्वत्र आहे असे म्हणण्याइतके पुरावे नाहीत आणि झाड आपल्या पिलांना निवडून माल पाठवते याला प्रत्यक्ष जंगलातला पुरावा नाही. यातल्या मेलनी जोन्स या १९९७ च्या प्रयोगातही सहभागी होत्या, हे विशेष. आमच्या मते शास्त्रातला सचोटीचा व्यवहार तो हाच.

आता आपला ऊस

उसाच्या मुळातली बुरशी वेगळ्या घराण्यातली आहे. आपण तिला 'व्हॅम' म्हणून ओळखतो. ती मुळावर मोजा चढवत नाही. थेट पेशीत शिरते आणि तेथे झाडाच्या फांद्यांसारखी बारीक फूट करते. जमिनीवर तिची छत्री उगवत नाही, त्यामुळे ती दिसत नाही. (पहिल्या पावसानंतर वारुळाजवळ जी अळंबी उगवते तिचा मुळांशी संबंध नसतो, ती वाळवीने पोसलेली असते.) व्हॅमचे घराणे फार जुने, ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या अवशेषांतही ते सापडले आहे. ऊस, मका, सोयाबीन, तूर, भुईमूग या सर्वांत ते राहते.

ही बुरशीही फुकट काम करीत नाही. ती पिकाकडून साखर घेते आणि तिला स्निग्ध पदार्थही द्यावे लागतात, कारण ते तिला स्वतःला तयार करता येत नाहीत, असे २०१७ साली सिद्ध झाले. पण बदल्यात ती देते काय? मुख्यतः स्फुरद, आणि काही प्रमाणात जस्त. स्फुरद मातीत जागचे हलत नाही. मुळाला लगटून असलेला स्फुरद संपला की मूळ उपाशी राहते. बुरशीचे धागे मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जाऊन तो आणतात.

नत्राचे मात्र तसे नाही. प्रथिने आणि ह्युमस फोडण्याचे जे सामान पाइनच्या बुरशीकडे आहे ते व्हॅमकडे नाही. दुसऱ्या जीवांनी मोकळे केलेले थोडेफार नत्र ती वाहून आणते, एवढेच. आणि हवेतले नत्र स्थिर करण्याचे काम तर कोणतीच बुरशी करीत नाही, ना जंगलातली ना शेतातली. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातला निम्मा वाटा व्हॅमच्या पुडीवर सोडणे म्हणजे ऊस उपाशी ठेवणे होय.

मग पुडी घ्यावी की नाही? माती परीक्षणात स्फुरद कमी आले असेल, जमीन चुनखडीची असेल, किंवा रान दीर्घकाळ पड असेल, तर विचार करण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे डीएपी आणि मळी घालून स्फुरदाचा साठा झालेल्या रानात उपयोग होत नाही. पीक तेथे बुरशीला उभेच करीत नाही, जसे खत घातलेल्या पाइनने केले. दुसरे असे की, व्हॅम जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ती एखाद्या पिकाच्या मुळांवर वाढवूनच पुडीत भरावी लागते, म्हणून फार स्वस्त मालाबद्दल शंका घ्यावी. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे जिवंत बीजाणूंचे प्रमाण आणि वापराची मुदत पुडीवर छापलेली पाहून घ्यावी. पावती मागावी. कार्बेन्डाझिमच्या द्रावणात ती कधीही मिसळू नये, ते बुरशीनाशक आहे आणि बुरशी चांगली की वाईट हे त्याला कळत नाही.

पुष्कळ रानांत ही बुरशी आधीपासूनच असते आणि आपणच तिला घालवतो, हेही सांगितले पाहिजे. वारंवार रोटाव्हेटर फिरवला की धाग्यांचे जाळे तुटते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक यांच्या मुळांत व्हॅम राहत नाही, त्यामुळे अशा पिकांमागून घेतलेल्या लागणीत तिचे बी कमी उरते. खोडव्यात मुळे जागेवर राहतात, तेथे ती टिकते. बुडखे छाटून, बगला फोडून, पाचट सरीत ठेवणाऱ्याला पुडीची गरज इतरांपेक्षा कमीच.

नत्राच्या बाबतीत उसाचा खरा भागीदार बुरशी नसून जिवाणू आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. अ‍ॅसेटोबॅक्टर. १९८८ साली ब्राझीलमध्ये व्लादिमीर काव्हालकांती आणि योहाना डोबरायनर यांनी उसाच्या मुळांतून आणि कांड्यांतून काढलेल्या या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. हा साखरेच्या १० टक्के द्रावणातही मजेत वाढतो, उसाच्या आत राहतो, उसाचीच साखर खातो आणि हवेतले नत्र स्थिर करतो. म्हणजे साखर देऊन नत्र घेण्याचा व्यवहार आपल्या उसातही आहे, फक्त पेढी दुसरी. आणि नियम येथेही तोच दिसतो. नत्रखताचे प्रमाण फार वाढवले तर उसातील अ‍ॅसेटोबॅक्टरची वस्ती घटते, असे मेक्सिकोतील अभ्यासात आढळले. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला आहे. शिफारशीपेक्षा दोन-चार पोती युरिया जादा टाकून वर अ‍ॅसेटोबॅक्टरची बेणेप्रक्रिया करणारे सभासद आहेत. त्यांचे संवर्धकाचे पैसे वाया जातात, असे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते. संवर्धक वापरायचे तर नत्राची मात्रा त्याप्रमाणे बसवून घ्यावी. आणि बेणेप्रक्रियेत आधी औषधाची बुडवणी, बेणे निथळल्यावर मग संवर्धकाची बुडवणी, हा क्रम मोडू नये. दोन्ही एकाच पिंपात कालवणारे मजूर आम्ही पाहिले आहेत, तेव्हा लागणीच्या दिवशी मालकाने बांधावर उभे राहावे हे बरे.

राहिली हुमणी. तिच्या बंदोबस्तासाठी आपण मेटारायझियम बुरशी वापरतो. ती हुमणीच्या अंगावर रुजते, आत शिरते आणि तिला मारते, एवढे आपल्याला माहीत आहे. पण २०१२ साली कॅनडातील ब्रॉक विद्यापीठात मायकेल बिडोच्का यांच्या गटाने दाखवले की, ही बुरशी पिकाच्या मुळातही राहते आणि मारलेल्या अळीतले नत्र मुळाला नेऊन पोचवते. प्रयोग घेवड्यावर आणि स्विचग्रास नावाच्या गवतावर होता, आणि ऊसही गवतवर्गीयच. २०१७ साली त्याच गटाने दुसरी बाजूही दाखवली, ती म्हणजे पीक बदल्यात बुरशीला कर्ब देते. लॅकेरियाची गोष्ट वर सांगितली ती याचसाठी. मात्र हे प्रयोग नियंत्रित परिस्थितीतले आहेत, अळीही हुमणी नव्हती. तेव्हा मेटारायझियमने नत्राचा डोस वाचतो असा अर्थ कोणी काढू नये. ती हुमणीसाठीच वापरावी.

तिच्या वापराचे म्हणाल तर वळवाचा पाऊस झाल्यावर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. त्यानंतर लहान अळ्या मुळांवर येण्याच्या सुमारास मेटारायझियम चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना, मुळाशी द्यावी. वर ऊन तापत असताना किंवा कोरड्या सरीत टाकलेली बुरशी मरते. त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी करू नये. मात्रा व पुरवठ्याबद्दल आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे विचारावे, आणि येताना माती परीक्षणाचा अहवाल सोबत आणावा, म्हणजे व्हॅमच्या पुडीचा निर्णयही त्याच फेरीत होईल.